लो शू, आठ त्रिरेखा आणि नऊ महाल: गेममधली चिनी अंककोडी कशी सोडवायची

प्राचीन चीनच्या पार्श्वभूमीवरचा गेम खेळायला घेतला की कधी ना कधी ती खोली येतेच. मध्ये दगडी कासव, जमिनीवर नऊ फरश्या, भिंतीवर तीन-तीन रेघांची आठ चिन्हं आणि समोर बंद दार. अशा एका खोलीत मी दीड तास अडकले होते. आकडे पाठ होते, मांडणी ठाऊक होती, बेरीज बरोबर येत होती, तरी दार ढिम्म हलत नव्हतं. गणित चुकलेलं नव्हतं, मी चौकट उलटी धरली होती.

तेव्हापासून अशा कोड्यांत मी आकड्यांना सगळ्यात शेवटी हात लावते. आधी दोनच गोष्टी ठरवते: वर कुठली दिशा आहे, आणि ही मांडणी दोन पद्धतींपैकी कुठली आहे. एवढं कळलं की उरलेलं काम पाच मिनिटांचं असतं. कागद-पेन्सिल जवळ घ्या, स्क्रीनवर बघून डोक्यात फिरवण्यापेक्षा ते फार सोपं जातं.

आधी दिशा

जुन्या चिनी आकृत्यांत दक्षिण वर असते आणि उत्तर खाली. सम्राट दक्षिणेकडे तोंड करून बसायचा, त्याच्या नजरेतून जग मांडलेलं असायचं. त्यामुळे पूर्व डाव्या हाताला येते आणि पश्चिम उजव्या. गेमच्या कोपऱ्यातला नकाशा मात्र आजच्या पद्धतीचा, उत्तर वर असलेला. म्हणजे भिंतीवरचं चित्र आणि पायाखालची खोली एकमेकांच्या बरोबर उलट असू शकतात.

हे ओळखायला चार प्राणी शोधा. लाल पक्षी दक्षिणेचा, काळं कासव (बहुधा त्याच्याभोवती साप गुंडाळलेला असतो) उत्तरेचं, हिरवट-निळा ड्रॅगन पूर्वेचा आणि पांढरा वाघ पश्चिमेचा. चित्रात पक्षी वरच्या बाजूला असेल तर चित्र जुन्या पद्धतीचं आहे. ते जमिनीवर उतरवायचं असेल तर खोलीत दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा, मग डावं-उजवं आपोआप जुळतं. प्राणी नसतील तर रंग बघा: लाल दक्षिण, काळा उत्तर, हिरवा पूर्व, पांढरा पश्चिम, पिवळा मध्य.

दुसरी गोष्ट वाचनाची. जुना चिनी मजकूर उजवीकडून डावीकडे जातो. हान काळातल्या विधींच्या एका ग्रंथात नऊ दालनांच्या सभागृहाचे आकडे ‘२९४, ७५३, ६१८’ असे दिले आहेत. कोड्याच्या चिठ्ठीत हा क्रम सापडला आणि तुम्ही तो डावीकडून भरत गेलात, तर आरशातली प्रतिमा तयार होते. बेरीज सगळीकडे १५च येते, पण दार उघडत नाही.

लो शू: नऊ आकड्यांचा चौकोन

दंतकथा अशी की महापुराच्या काळात यू नावाच्या राजाला लो नदीतून वर आलेलं कासव दिसलं आणि त्याच्या पाठीवर ठिपक्यांची नक्षी होती. लो ही पीत नदीला मिळणारी हेनान भागातली नदी, आणि लो शू म्हणजे ‘लो नदीचा लेख’. गेममध्ये ही नक्षी बहुतेक वेळा आकड्यांऐवजी ठिपक्यांनीच दाखवतात. पांढरे ठिपके विषम आकड्यांचे, म्हणजे यांग. काळे सम आकड्यांचे, म्हणजे यिन. सरळ मोजा.

दक्षिण वर धरून मांडणी अशी:

४ ९ २
३ ५ ७
८ १ ६

आडवी, उभी, तिरकी, कुठलीही ओळ घ्या, बेरीज १५. ही पाठ करायची गरज नाही. गणिती यांग हुई याने १२७५ मध्ये ती तयार करायची जी कृती दिली, ती मला इतर कुठल्याही युक्तीपेक्षा आवडते, कारण हाताने एकदा केली की पुन्हा विसरत नाही. आकडे तिरके लिहा, म्हणजे पतंगासारखा आकार होईल:

. . १
. ४ . २
७ . ५ . ३
. ८ . ६
. . ९

आता वरचा १ आणि खालचा ९ यांची अदलाबदल करा. मग डावीकडचा ७ आणि उजवीकडचा ३ यांची अदलाबदल करा. शेवटी ४, २, ८, ६ हे चार आकडे बाहेर कोपऱ्यांकडे ढकला. झाला लो शू. त्याच परंपरेतली खूणगाठ अशी: डोक्यावर नऊ, पायाखाली एक, डावीकडे तीन, उजवीकडे सात, दोन आणि चार खांदे, सहा आणि आठ पाय. कोड्याच्या चिठ्ठीत ‘खांदे’ आणि ‘पाय’ असे शब्द दिसले तर ती हीच ओळ असते. त्यात कुठला खांदा डावा हे सांगितलेलं नसतं, म्हणून वरची पतंगाची कृती लक्षात ठेवलेली बरी.

अर्धवट भरलेला चौकोन

बहुतेक गेम दोन-तीन आकडे आधीच बसवून देतात. याचं कारण असं की लो शू फिरवून आणि उलटवून एकूण आठ रूपांत लिहिता येतो. दिलेले आकडे त्यातलं कुठलं रूप हवं ते सांगतात. तेव्हा ‘मला लो शू येतो’ म्हणून थेट भरायला सुरुवात करू नका.

माझ्या त्या दाराचंच उदाहरण घेऊ. वरच्या ओळीत मधोमध १ बसवलेला होता आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात ४. बाकी सात खड्डे रिकामे.

मधल्या घरात ५ ठेवा. तिथे दुसरं काही येऊच शकत नाही: मधल्या घरातून चार ओळी जातात, त्यांची एकूण बेरीज ६०. सगळे नऊ आकडे मिळून ४५ आणि मधला आकडा तीनदा जास्तीचा मोजला जातो. ६० वजा ४५ म्हणजे १५, भागिले ३, म्हणजे ५.

मग समोरासमोरची जोडी लावा, बेरीज नेहमी १०. वर १ आहे तर खाली मधोमध ९. खालच्या उजव्या कोपऱ्यात ४ आहे तर वरच्या डाव्या कोपऱ्यात ६. आता वरची ओळ ६, १ आणि काहीतरी. १५ पुरे करायला ८. त्याच्या समोरचा कोपरा २. उजवा उभा स्तंभ ८, काहीतरी, ४, म्हणजे ३. त्याच्या समोर ७. चौकोन झाला:

६ १ ८
७ ५ ३
२ ९ ४

हा चौकोन भरला आणि माझी मान एकदम देव्हाऱ्याकडे वळली. आजीच्या देव्हाऱ्यात तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं सूर्ययंत्र आहे, कडा हळदीने पिवळ्या पडलेल्या. त्यावर वरच्या ओळीत सहा, एक, आठ. लहानपणापासून शेकडो वेळा पाहिलेले तेच नऊ आकडे, त्याच जागी. आपल्याकडे ज्याला पंधराचं यंत्र किंवा पंधरिया यंत्र म्हणतात, त्याचं हे रूप म्हणजे चिनी लो शू अर्ध्या वर्तुळात फिरवलेला, उत्तर वर आणलेला. दार बनवणाऱ्याने गेमच्या नकाशाप्रमाणे उत्तर वर धरली होती आणि मी दीड तास दक्षिण वर धरून बसले होते. घरात सूर्ययंत्र असेल तर त्याचा फोटो जवळ ठेवा. उत्तर वर असलेल्या प्रत्येक लो शू कोड्याचं ते तयार उत्तर आहे.

चुकीचं रूप लवकर पकडायला एक खूण: कोपऱ्यात नेहमी सम आकडे येतात. कोपऱ्यात विषम आकडा आधीच बसवलेला दिसला, तर तो लो शू नाहीच. दुसरी मांडणी शोधा. आणि नऊ वस्तू दिसल्या म्हणजे लो शू असलाच पाहिजे असंही नाही. ‘गेनशिन इम्पॅक्ट’मधल्या लियुए प्रदेशात नऊ खांबांचं कोडं आहे, तिथे नऊ शिळा गोळा करून खांबांवर लावायच्या, बेरजेचा काही संबंध नाही. नऊ हा सगळ्यात मोठा एकअंकी यांग आकडा म्हणून चीनमध्ये त्याला मान आहे, कधी कधी गोष्ट तेवढ्यावरच थांबते.

फरश्यांवरून चालायचं असेल तर

आकडे भरायचे नसून फरश्यांवर ठरावीक क्रमाने पाय द्यायचे असतील, तर १ पासून ९ पर्यंत लो शूच्या जागांवरून जा. दिशांत सांगायचं तर: उत्तर, नैऋत्य, पूर्व, आग्नेय, मध्य, वायव्य, पश्चिम, ईशान्य, दक्षिण. ताई-यी ही देवता याच क्रमाने नऊ महालांतून, म्हणजे या चौकोनाच्या नऊ घरांतून, फिरते, असं दुसऱ्या शतकातला भाष्यकार जंग श्वान सांगतो. वाट वेडीवाकडी वाटते, शेजारची फरशी सोडून उडी मारावी लागते, म्हणून लोक मध्येच शंका घेऊन थांबतात. पाचव्या पावलाला तुम्ही बरोबर मध्यावर असाल तर वाट बरोबर आहे, पुढे जा.

आठ त्रिरेखा: खरी गोम इथे आहे

तीन रेघांचं चिन्ह. सलग रेघ यांग, मध्ये तुटलेली रेघ यिन. तीन रेघांची आठ रूपं होतात: आकाश, सरोवर, अग्नी, गर्जना, वारा, पाणी, पर्वत, पृथ्वी. रेघा नेहमी खालून वर वाचायच्या. गोल आकृतीत ‘खालची’ रेघ म्हणजे केंद्राजवळची, आणि इथेच डोळा फसतो. वर्तुळाच्या खालच्या अर्ध्यातली चिन्हं आपल्याला उलटी दिसतात. आकाश, पृथ्वी, पाणी आणि अग्नी उलटे केले तरी तेच राहतात, पण गर्जना उलटी केली की पर्वत होते आणि वारा उलटा केला की सरोवर. कॅमेरा फिरवा, प्रत्येक चिन्हासमोर केंद्राकडे पाठ करून उभे राहा आणि केंद्राजवळची रेघ आधी लिहा.

आता आकडे. इथे दोन पद्धती आहेत, आणि गेममधल्या अशा कोड्यांवर अडकलेले बहुतेक जण या दोन्हींची सरमिसळ करतात.

पहिलीला ‘आधीच्या आकाशाची’ मांडणी म्हणतात. ती फू शी या पौराणिक राजाच्या नावाने ओळखली जाते आणि अकराव्या शतकातल्या शाओ युंग या विद्वानाने पुढे आणली. तिच्यात आकाश १, सरोवर २, अग्नी ३, गर्जना ४, वारा ५, पाणी ६, पर्वत ७, पृथ्वी ८. हे पाठ न करता काढता येतं. केंद्राजवळची रेघ सलग असेल तर ४ घ्या, मधली सलग असेल तर २, बाहेरची सलग असेल तर १. बेरीज करून ८ मधून वजा करा. पाणी घ्या: फक्त मधली सलग, म्हणजे २, आठातून दोन गेले, ६. अग्नी: केंद्राजवळची आणि बाहेरची सलग, ४ अधिक १ म्हणजे ५, उत्तर ३. आज संगणकात चालणारी, फक्त ० आणि १ वापरणारी द्विमान पद्धत हीच. जर्मन गणिती लाइब्निझने १७०३ मध्ये त्या पद्धतीवर निबंध छापला तेव्हा चीनमधल्या एका जेझुइट धर्मगुरूने पाठवलेल्या अशाच आकृतीचा त्यात उल्लेख होता.

दुसरी ‘नंतरच्या आकाशाची’, राजा वनच्या नावाने ओळखली जाणारी. ती लो शूवर बसते: पाणी १ उत्तरेला, पृथ्वी २ नैऋत्येला, गर्जना ३ पूर्वेला, वारा ४ आग्नेयेला, मध्ये ५ रिकामा, आकाश ६ वायव्येला, सरोवर ७ पश्चिमेला, पर्वत ८ ईशान्येला, अग्नी ९ दक्षिणेला.

म्हणजे आकाश एका पद्धतीत १ आणि दुसरीत ६. पाणी एकीत ६ आणि दुसरीत १. कुठली लागू आहे ते कसं ओळखायचं? वर्तुळात समोरासमोर काय आहे ते बघा. आकाशासमोर पृथ्वी असेल, म्हणजे तीन सलग रेघांसमोर तीन तुटलेल्या, तर पहिली पद्धत. तिथे समोरासमोरच्या आकड्यांची बेरीज ९ येते. आकाशासमोर वारा असेल तर दुसरी. तिथे बेरीज १०. हा नऊ-दहाचा ताळा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे, कारण एवढ्या एका गोष्टीने निम्मी कोडी सुटतात. अग्नी आणि पाणी दोन्हींत समोरासमोरच असतात, त्यामुळे त्या जोडीवरून काहीच ठरवू नका.

चिन्हं विखुरलेली असतील, वर्तुळच नसेल, तर कोड्यात ५ किंवा ९ येतो का ते शोधा. आठ चिन्हांत ९ येत असेल तर दुसरी पद्धत. ५ वाऱ्याचा असेल तर पहिली.

आठ दरवाजे

तीन राज्यांच्या काळावरच्या गेममध्ये चक्रव्यूहासारखी रचना असते: विश्रांती, जीवन, जखम, अडथळा, दृश्य, मृत्यू, भय आणि मुक्त असे आठ दरवाजे. ‘डायनॅस्टी वॉरियर्स’मध्ये यीलिंगच्या लढाईत भेटणारा दगडांचा चक्रव्यूह याच कल्पनेतून आला आहे. ‘तीन राज्यांची कथा’ या जुन्या कादंबरीत लू शून हा सेनापती त्यात मृत्यूच्या दरवाज्याने शिरतो आणि वाट हरवतो. चक्रव्यूह रचणाऱ्या जूगे लियांगचा सासरा त्याला बाहेर काढतो.

नियम सोपा आहे. त्याच कादंबरीत जीवन, दृश्य आणि मुक्त या दरवाज्यांतून शिरणं शुभ सांगितलं आहे. जखम, भय आणि विश्रांती यांतून शिरलं तर इजा. अडथळा आणि मृत्यू यांतून शिरलं तर नाश. विश्रांतीचा दरवाजा नाव ऐकून सुरक्षित वाटतो, तिथे फसू नका.

कुठला दरवाजा कुठल्या दिशेला, हे मात्र गेम कशावर बेतला आहे त्यावर ठरतं. ज्योतिषाच्या छी-मन पद्धतीत दरवाजे लो शूच्या जागांवर बसतात: विश्रांती उत्तर, जीवन ईशान्य, जखम पूर्व, अडथळा आग्नेय, दृश्य दक्षिण, मृत्यू नैऋत्य, भय पश्चिम, मुक्त वायव्य. कादंबरीत छाव रन या सेनापतीची फौज मोडताना हल्ला आग्नेयेच्या जीवन दरवाज्यातून होतो आणि बाहेर पडायचं पश्चिमेच्या दृश्य दरवाज्यातून. तेव्हा गेममध्ये कादंबरीतली पात्रं असतील तर आधी आग्नेय करून बघा, मग ईशान्य.

पाच तत्त्वं

यात फार वेळ घालवू नका, दोनच चक्रं आहेत. जन्म देणारं: लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी, पुन्हा लाकूड. मात करणारं: लाकूड मातीवर, माती पाण्यावर, पाणी अग्नीवर, अग्नी धातूवर, धातू लाकडावर. दिवे पेटवायचे, झाड वाढवायचं असेल तर पहिलं चक्र. अडथळा मोडायचा, शत्रूची ढाल फोडायची असेल तर दुसरं.

आकडे १० पर्यंत जात असतील तर ती लो शूची नाही, ‘हो थू’ची, म्हणजे ‘नदीच्या आकृती’ची मांडणी. तिथे जोड्या असतात: १ आणि ६ पाणी उत्तरेला, २ आणि ७ अग्नी दक्षिणेला, ३ आणि ८ लाकूड पूर्वेला, ४ आणि ९ धातू पश्चिमेला, ५ आणि १० माती मध्ये. प्रत्येक जोडीत फरक ५ चा, हाच ताळा.

साठ वर्षांचं चक्र आणि काळाची कुलुपं

आपल्या पंचांगात प्रभव, विभव करत साठ संवत्सरं येतात, तसं चीनमध्येही साठाचं चक्र आहे, फक्त ते दोन चाकांतून बनतं: दहा ‘खोडं’ आणि बारा ‘फांद्या’. फांद्यांना प्राण्यांची नावं आहेत: उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, बकरी, माकड, कोंबडा, कुत्रा, डुक्कर. दोन्ही चाकं एकाच वेळी एकेक घर पुढे सरकतात, म्हणून विषम खोडाशी विषम फांदीच येते. दोन तबकड्यांच्या कुलुपात १२० पर्याय दिसतात, प्रत्यक्षात निम्मेच शक्य असतात.

वर्ष दिलं असेल तर त्यातून ४ वजा करून १२ ने भागा; बाकी शून्य म्हणजे उंदीर, एक म्हणजे बैल, असं पुढे मोजा. तत्त्व वर्षाच्या शेवटच्या आकड्यावरून: ४-५ लाकूड, ६-७ अग्नी, ८-९ माती, ०-१ धातू, २-३ पाणी. यांग हुईचं १२७५ घ्या: १२७१ ला १२ ने भागून बाकी ११, म्हणजे डुक्कर, शेवटी ५, म्हणजे लाकूड. चिनी वर्ष जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत बदलतं, तेव्हा कोड्यातली तारीख जानेवारीतली असेल तर बहुधा आधीचं वर्ष धरा.

हेच बारा प्राणी दिवसाचे तासही सांगतात, प्रत्येकी दोन तास. उंदराची वेळ रात्री ११ ते १. घोड्याची दुपारी ११ ते १. भिंतीवर घोडा आणि सूर्य दिसला तर गेममधलं घड्याळ भर दुपारवर आणा.

काड्यांचे आकडे

शेवटी, दारावर आडव्या-उभ्या रेघांचे गठ्ठे दिसले आणि ते त्रिरेखांसारखे वाटले नाहीत, तर ते मोजणीच्या काड्यांचे आकडे असतात. एकं स्थानी उभ्या काड्या, दहं स्थानी आडव्या, शतकाला पुन्हा उभ्या, हजाराला आडव्या. पाचापर्यंत तेवढ्याच काड्या. सहापासून पाचासाठी एक काडी विरुद्ध दिशेने डोक्यावर ठेवतात. तीन उभ्या, मग एका उभीखाली दोन आडव्या, मग एका आडवीखाली तीन उभ्या: ३७८. लाल काड्या अधिक आणि काळ्या उणे, आज आपण धरतो त्याच्या उलट.

या पद्धतीत सुरुवातीला शून्याला चिन्ह नव्हतं, ती जागा रिकामी सोडत. त्यामुळे शेजारशेजारचे दोन गठ्ठे दोन्ही उभेच दिसले आणि मध्ये रुंद मोकळी जागा असली, तर तिथे कोरीव काम झिजलंय असं समजून पुढे जाऊ नका, त्या तबकडीवर शून्य फिरवा.